विकिडेटात लोकप्रतिनिधींची माहिती भरताय? या चुका टाळा

महापौर बदलला की कुणीतरी लगोलग विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीचा, कुणालाही भरता येणारा खुला माहितीसाठा) जातं, शहराच्या आयटमवरचं, म्हणजे नोंदपानावरचं, जुनं नाव खोडतं आणि तिथेच नवं नाव टाकतं. माहिती अद्ययावत केली असं त्याला मनापासून वाटतं. पण जुन्या महापौराची नोंद तिथून गेलेली असते. पुढे एखादा पत्रकार विचारतो, अमुक ठराव झाला तेव्हा महापौर कोण होतं? क्वेरी, म्हणजे या साठ्याला विचारलेला प्रश्न, एकतर काहीच देत नाही किंवा आजचंच नाव देते. ज्या कामासाठी हा डेटा खुला ठेवायचा, तेच काम अडतं.

विकिडेटात 'महापौर', 'लोकसंख्या' अशा प्रत्येक रकान्याला प्रॉपर्टी म्हणतात, तिला 'पी'ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तिच्यात भरलेली प्रत्येक नोंद म्हणजे विधान. एका प्रॉपर्टीला कितीही विधानं चालतात. जुनं विधान तसंच राहू द्या, त्याला समाप्तीची तारीख (पी५८२) जोडा. नव्या नावाचं वेगळं विधान करा, आरंभाची तारीख (पी५८०) द्या आणि त्याची रँक, म्हणजे अग्रक्रम, 'प्रेफर्ड' करा. साध्या क्वेरीत सर्वांत वरच्या रँकची विधानंच येतात, त्यामुळे आजचा महापौर बरोबर मिळतो आणि आधीचे सगळे जागेवर राहतात. जुन्या नावाला 'डेप्रिकेटेड' करू नका. ती रँक मुळात चुकीच्या माहितीसाठी आहे आणि माजी महापौर त्या काळात खरोखरच महापौर होता. लोकसंख्येचंही तसंच: प्रत्येक जनगणनेचा आकडा वेगळा, त्याच्या तारखेसह (पी५८५).

दुसरी चूक याहून महाग पडते: नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरून चालणं.

एका गटाने विधिमंडळाच्या अनेक कार्यकाळांतल्या सदस्यांची यादी ओपनरिफाइनमधून (याद्या साफ करून विकिडेटाशी जुळवणारं साधन) चढवली. ओपनरिफाइन प्रत्येक नावापुढे संभाव्य आयटम आणि जुळणीचे गुण दाखवतं. ते उघडून, तपासून निवडायचे असतात. यांना घाई होती. जास्त गुणांच्या जुळण्या त्यांनी न बघताच मान्य केल्या. निवडून येण्याआधीच मृत्यू झालेले सदस्य शोधणारी एक क्वेरी मी अधूनमधून चालवते, तिच्यात हा प्रकार दिसला. एका दिवंगत चित्रकाराच्या आयटमवर सदस्यत्व चढलं होतं, एका फुटबॉलपटूच्याही. तोवर आणखी कुणीतरी त्या फुटबॉलपटूचा आणि खऱ्या सदस्याचा आयटम 'एकच व्यक्ती' म्हणून विलीनही करून टाकला होता.

एडिटग्रुप्स या साधनातून आख्खी बॅच, म्हणजे एकत्र चढवलेली सगळी संपादनं, उलटवता येते, पण वरून इतरांची संपादनं झाली की अनेक बदल मागे जात नाहीत. मग एकेक विधान वाचत बसावं लागलं: ही जन्मतारीख कुणाची, हे छायाचित्र कुणाचं, हा ग्रंथालयाचा ओळखक्रमांक कुणाचा? दरम्यान प्रतिनिधींची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाने हा डेटा उचलला होता आणि तिथे मतदारांना भलत्याच माणसाचा फोटो दिसत होता.

म्हणून नावाखेरीज दोन खुणा जुळल्याशिवाय मी जुळणी मान्य करत नाही: जन्मवर्ष, मतदारसंघ, पक्ष, एखादा बाहेरचा ओळखक्रमांक, यांपैकी कुठल्याही दोन. शंका असेल तर सरळ नवा आयटम करते. दुबार आयटम नंतर मिनिटभरात विलीन होतात आणि एक क्रमांक दुसऱ्याकडे वळतो. एकत्र कालवलेली दोन माणसं वेगळी करायला मात्र आठवडे जातात. नामसाधर्म्य सापडलं की दोन्हीकडे 'याहून वेगळे' (पी१८८९) जोडून ठेवा, पुढचा माणूस वाचेल.

पहिल्याच दिवशी क्विकस्टेटमेंट्स (एकदम शेकडो विधानं भरणारं साधन) वापरायची घाई करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी दहा-वीस आयटम हाताने, संदर्भांसकट पूर्ण भरा. कुठे अडायला होतं ते तिथेच कळतं. नंतरही बॅचमधल्या पाच ओळी आधी चालवा, आयटम उघडून बघा, मगच बाकीच्या सोडा.

तारखेची अचूकता ही अशीच एक अडायची जागा. नुसतं वर्ष माहीत असेल तर क्विकस्टेटमेंट्समध्ये तारखेच्या शेवटी /९ हवं. तिथे /११ लिहिलंत की दिवसापर्यंतची तारीख ठरते आणि निम्मं सभागृह १ जानेवारीला जन्मलेलं दिसतं.

विकिपीडियावरून घेतलं (पी१४३) हा संदर्भ नव्हे. राजपत्र किंवा निवडणूक आयोगाचा निकाल द्या. सरकारी पानं न सांगता हलतात, म्हणून मी आधी ते पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जतन करते आणि तो दुवाही जोडते.

प्रतिनिधींचे घरचे पत्ते आणि खासगी फोन नंबर टाकू नका, कुठेतरी छापून आलेले असले तरीही.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातून मतदारसंघांच्या सीमा किंवा मतदान केंद्रांच्या याद्या सरसकट उचलून इथे ओतू नका. त्यांचा ओडीबीएल परवाना श्रेय मागतो आणि पुढचा डेटाबेसही त्याच अटींवर खुला ठेवायला लावतो; विकिडेटा सीसी-शून्यखाली, म्हणजे कुठलीही अट न घालणाऱ्या परवान्याखाली आहे, तिथे या अटी पाळल्या जात नाहीत. अशा वेळी मूळ सरकारी यादी शोधा, तिचा परवाना वाचा आणि तिथूनच भरा.