पत्र्याचं विमान, मुंबईचा गाळा: सुरुवात रडरपासून

विमान बांधायचं ठरलं की लोक आधी इंजिनाचे कॅटलॉग उघडतात. ते मिटा आणि मेजरिंग टेप काढा. दोन सीटचं, २७ फूट पंखविस्ताराचं हलकं विमान घेतलं, तर मधली केबिन वजा जाता एकेक पंख १२ फुटांच्या आसपास भरतो. २० बाय १० फुटांच्या गाळ्यात तो तयार होतो, टेबलाभोवती फिरायलाही जागा राहते. प्रश्न असतो तो बाहेर काढायचा. त्यासाठी १२ फुटांचा बांबू आणा, त्याला मधोमध चार फूट रुंद पुठ्ठा बांधा आणि दोघांनी मिळून जिन्याच्या प्रत्येक वळणावरून, लोखंडी गेटमधून, लावलेल्या स्कूटरींच्या मधून तो रस्त्यापर्यंत नेऊन बघा. बांबू अडकला तर पंखही अडकणार.

गच्ची हा मुंबईकराला सुचणारा दुसरा पर्याय. अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि ते २०१६ मध्ये बीकेसीतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात मांडलं, म्हणजे हे अशक्य नाही. पण गच्ची सोसायटीची असते. सर्वसाधारण सभेचा ठराव लेखी घ्या. सेक्रेटरीच्या तोंडी ‘हो’वर विसंबू नका, सेक्रेटरी बदलतात. शिवाय ऊन हा गच्चीवरचा वेगळाच त्रास, त्याबद्दल पुढे.

पहिलं उड्डाण जुहूच्या विमानतळावरून होईल असं धरून चालू नका. जेआरडी टाटा १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन उतरले तेव्हाचं जुहू आता राहिलेलं नाही. विमान टेम्पोत घालून धुळ्यासारख्या, धावपट्टी असलेल्या ठिकाणी न्यावं लागेल, हे गृहीत धरूनच डिझाइन निवडा. पंख बोल्ट काढून वेगळे होणारे हवेत. १२ फुटांचा पंख १४ फुटी टेम्पोत बसतो. आणि सुटे भाग मागवण्याआधी डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) पत्र लिहून कोणती कागदपत्रं आणि कोणत्या टप्प्यावर तपासणी लागेल ते लेखी मिळवा. पत्रा शिवून झाल्यावर आतलं काही दाखवता येत नाही.

लाकूड नको, पत्रा घ्या

विमानाचं लाकूड साधारण ८ ते १२ टक्के ओलाव्यावर चिकटवायचं असतं. जुलैत मुंबईच्या हवेत तेच लाकूड १५ टक्क्यांच्या वर जातं, फुगतं, आणि नोव्हेंबरात आकसताना सांधा ओढतं. फायबरग्लासला दुसरं दुखणं. दमट हवेत त्याच्या इपॉक्सी राळेवर मेणासारखा चिकट थर येतो. तो पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर दिला तर तो नीट धरत नाही, आणि वरून काही कळतही नाही. अल्युमिनियमला खारी हवा सोसत नाही हे खरं, पण त्यावरचे उपाय ठरलेले आहेत.

पत्र्याच्या विमानातही दोन पंथ. एकात भरीव रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळी) एअर हॅमरने ठोकतात आणि मागून लोखंडी ठोकळा धरतात. काम देखणं होतं, पण दोन माणसं लागतात आणि आवाज असा की तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे आजोबा वर येतात. दुसऱ्यात ब्लाइंड रिव्हेट, म्हणजे आतली काडी ओढली की पत्र्यामागे फुगून बसणारे. झेनिथ या विमानांचे किट विकणाऱ्या कंपनीच्या सीएच ७०१ आणि सीएच ७५० या विमानांत हेच असतात. एक माणूस, एक बाजू, ‘टक्’ एवढाच आवाज. वस्तीत काम करणाऱ्याने हेच निवडावं.

पूर्ण किट, म्हणजे सगळ्या सुट्या भागांचा संच, एकदम घेऊ नका. आधी फक्त रडर बांधा, म्हणजे शेपटीवरचं डावी-उजवीकडे वळणारं उभं सुकाणू. त्यात स्पार (लांबीचा मुख्य कणा), रिब (आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या), वाकवलेला पत्रा, बिजागरीचे ब्रॅकेट, म्हणजे पंखात जे जे येतं ते सगळं छोट्या आकारात असतं. दोन-तीन शनिवार-रविवार जातील. बिघडला तर नुकसान एका रडरचं, आणि हे काम आपल्याला आवडतं की नाही तेही कळतं.

पत्रा आणि हत्यारं

पत्रा ६०६१-टी६ या जातीच्या अल्युमिनियमचा हवा, जाडी ड्रॉइंगमध्ये असेल ती. शेपटीला बहुधा ०.०१६ ते ०.०२५ इंच, म्हणजे ०.४ ते ०.६ मिमी. गुलालवाडीत अल्युमिनियम ढिगाने मिळतं, पण तिथला साधा पत्रा बहुतेक ११०० किंवा ३००३ जातीचा असतो. दिसायला सारखाच. ६०६१-टी६ सुमारे २७६ मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा वाकत नाही, ११०० चा अर्धकडक पत्रा ११५ च्या आसपासच हात टेकतो. कारखान्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि त्यावरचा हीट नंबर (ओतलेल्या घाण्याचा क्रमांक) पत्र्यावरच्या छापाशी जुळला तरच घ्या. ‘साहेब, तोच माल आहे’ हे सर्टिफिकेट नव्हे.

नागदेवी स्ट्रीटवर हत्यारं निर्धास्त घ्या: पत्राकात्री, कानशी, २ एचपीचा ५० लिटरचा कॉम्प्रेसर, पाणी अडवणारा फिल्टर. बोल्ट मात्र तिथले नकोत. विमानाचा एएन३ बोल्ट ३/१६ इंची असतो, कॅडमियमचा मुलामा दिलेला, आणि किती ताण घेईल हे ठरलेलं असतं. बाजारातला चकचकीत बोल्ट किती घेईल हे दुकानदारालाही माहीत नसतं.

क्लेको हवेतच. भोकात बसून दोन पत्रे तात्पुरते धरणारे हे स्प्रिंगचे चाप असतात. ३/३२ इंचीचे रुपेरी १००, १/८ इंचीचे तांबूस २००, आणि त्यांची पक्कड. रडरला एवढे लागत नाहीत, पंखाला कमी पडतात.

ड्रिल बिट नंबरवाले मागवा. १/८ इंची रिव्हेटला ३० नंबरचा बिट लागतो, म्हणजे ३.२६ मिमी. आपल्याकडे ३.२ आणि ३.३ सहज मिळतात. पहिल्याने रिव्हेट अडकू शकतो, दुसऱ्याने भोक जरा मोठं होतं. ५/३२ च्या रिव्हेटला २० नंबर, पायलट भोकाला, म्हणजे आधी पाडायच्या बारीक भोकाला, ४० नंबर. ३० नंबरचे डझनभर घ्या. भोकाभोवती जाड बर (धातूची उचललेली खरखरीत कड) यायला लागली की बिट बोथट झाला, तो फेका.

टेबल ८ बाय ४ फुटांचं, १९ मिमी प्लायचं, कमरेएवढं उंच. चारही कडांना आणि दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बघा. कुठेही १ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर पायाखाली पाचर मारा. टेबलाचा पीळ रडरमध्ये उतरतो.

आखणी, वाकवणं, भोकं

कानावरची पेन्सिल बाहेर ठेवून या. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट अल्युमिनियमला लागून राहिलं आणि दमट हवा मिळाली की त्या रेघेवरच गंज धरतो. बारीक टोकाचा मार्कर वापरा. अणकुचीदार टोकाने आखायचं ते फक्त जिथे कापायचं आहे तिथे. वाकवायच्या रेघेवर ओरखडा राहिला तर तडा तिथूनच जातो.

भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत भोकाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर हवं. १/८ इंची रिव्हेटला ६.४ मिमी होतात, पण आखताना ८ ते १० धरा. कात्री अर्धा मिमी खाते, हात अर्धा.

पत्रा वाकवायला एसी डक्टवाल्याकडे नेणार असाल तर आधी त्याची डाय, म्हणजे वाकवायचा साचा, बघा. डक्टचा पत्रा धारदार कोनात मोडतात. ६०६१-टी६ तसा मोडला की वळणाच्या बाहेरच्या बाजूला केसासारख्या चिरा पडतात. ड्रॉइंगमध्ये आतली गोलाई बहुधा १/८ इंच दिलेली असते, तेवढ्या गोलाईची पट्टी डायवर बसवून घ्या. त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यावर आधी वाकवून भिंगाखाली बघा.

भोक पाडताना ड्रिल काटकोनात आहे का हे कळायला गुण्या लागत नाही. चकचकीत पत्र्यात बिटचं प्रतिबिंब पडतं. बिट आणि प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसले की ड्रिल सरळ आहे. मध्ये कोपरा झालेला दिसला तर हात सुधारा. सगळी भोकं आधी ४० नंबरने पाडा, क्लेको लावत जा आणि मगच ३० नंबरने मोठी करा. थेट ३० ने सुरुवात केली आणि बिट सरकला, तर इंग्रजी आठासारखं भोक होतं. तिथे मग ५/३२ चा रिव्हेट घालावा लागतो, आणि कडेचं अंतर तेवढं उरलं आहे का हे पुन्हा मोजावं लागतं.

आता गच्चीवरचं ऊन. अल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०२३ मिमी वाढतं. ८ फुटांचा पत्रा सकाळी २५ अंशांवर आखला आणि उन्हात तो ४५ वर गेला, तर तो १.१ मिमी लांबतो. टेबलावर सावलीत ठेवलेला स्पार तेवढा लांबत नाही. एका टोकाकडून भोकं जुळत जातात आणि शेवटची पाच-सहा अर्धी झाकलेली दिसतात. ती रेटून मोठी करू नका. दोन्ही भाग सावलीत तासभर एकत्र ठेवा आणि मग बघा.

सांगाडा, पीळ आणि पुन्हा सगळं सुटं

स्पार आणि रिब क्लेकोंवर उभे झाले की सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या रिबवर एकेक सरळ पट्टी धरा आणि लांबून एका डोळ्याने बघा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत. पीळ असेल तर तो याच वेळी निघतो. पत्रा चढवून दोन्ही बाजूंनी रिव्हेट मारले की रडर बंद डबा होतो आणि पीळ कायमचा राहतो. अशा विमानाला वैमानिक आयुष्यभर एक पाय दाबून उडवतो.

पत्रा चढवून सगळी भोकं पूर्ण मापाची झाली की हात शिवशिवतात: आता रिव्हेट मारूया! थांबा. सगळं पुन्हा सुटं करा. दोन पत्र्यांच्या मध्ये भोकांची बर आणि चुरा अडकलेला असतो. तो तसाच राहिला तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत, रिव्हेट मधल्या फटीत फुगतो आणि सांधा हलत राहतो. प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंची बर काढा, पण एकच हलका फेरा. जास्त फिरवलं तर भोकाला खळगा पडतो. पत्र्याच्या कडा कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने, बोट फिरवून काही लागणार नाही इतक्या गुळगुळीत करा.

मग प्रायमर, जिथे पत्रा पत्र्याला टेकतो तिथे तरी नक्कीच. वरळी-वर्सोव्याच्या हवेत मीठ असतं, आणि आपल्या घामातही. पत्रा सॉल्व्हंटने पुसल्यापासून प्रायमर वाळेपर्यंत हातमोजे घाला, नाहीतर महिन्याभराने बोटांचे ठसे पांढरे उमटतात. झिंक क्रोमेट जुन्या ड्रॉइंगांत सापडतो, पण तो कर्करोगकारक आहे. झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर घ्या, तोही मास्क लावून. पावसाळ्यात प्रायमर मारायचाच तर कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी रिकामी करा. नळी उघडली की कपभर पाणी सहज निघतं, आणि ते निघालं नाही तर प्रायमरमध्ये फोड होऊन बसतं.

जाड थर चढवू नका. शेपटी विमानाच्या तोलाच्या बिंदूपासून सर्वांत लांब असते. तिथलं एक किलो तोलायला नाकाकडे काही किलो घालावे लागतात.

रिव्हेट

हार्डवेअरच्या दुकानातला पॉप रिव्हेट चालत नाही. त्याची आतली काडी कंपनाने गळून पडते, आणि मग राहतो तो पोकळ नळा. किटबरोबरच्या रिव्हेटमध्ये काडीचा तुकडा आत पकडलेला राहतो. झेनिथच्या पद्धतीत रिव्हेटरचं नाक आतून खोलगट घासलेलं असतं, त्यामुळे चपटं डोकं ओढताना गोल घुमटासारखं होतं.

एका टोकाकडून दुसऱ्याकडे मारत जाऊ नका, पत्रा पुढे ढकलला जातो आणि शेवटी फुगा येतो. एकाआड एक भोकात क्लेको ठेवा, मधून सुरुवात करा आणि दोन्हीकडे जा. रिव्हेटर पत्र्यावर दाबून, काटकोनात. मारून झाल्यावर डोक्याखाली कागदाची कड सरकवून बघा. कागद शिरला तर तो रिव्हेट काढा. काढताना आधी बारीक पंचने मधली पोलादी काडी आत ठोका, नाहीतर बिट तिच्यावरून घसरून पत्रा फाडतो. मग ३० नंबरच्याच बिटने डोक्यापुरतंच ड्रिल करा. डोकं फिरू लागलं की थांबा.

बिजागरीच्या ब्रॅकेटचे एएन३ बोल्ट इंच-पाउंडच्या टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) २० ते २५ इंच-पाउंडांवर. मनगटाच्या अंदाजाने आवळणारा हमखास दुप्पट आवळतो. नायलॉनच्या नटाबाहेर निदान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे, आणि एकदा काढलेला नट पुन्हा वापरायचा नाही. जो बोल्ट फिरत्या सांध्याचा आहे तिथे खाचेचा नट आणि स्प्लिट पिन.

प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह ठेवा, विशेषतः पत्रा बंद करण्याआधीच्या आतल्या बाजूचे, आणि सर्टिफिकेट त्याच फाइलमध्ये लावा.

तयार रडर मे अखेरीस छताला रुंद सुती पट्ट्यांनी टांगा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत पाणी धरतं. उरलेले पत्रे एकावर एक आडवे ठेवले तर मधल्या ओलाव्याने सप्टेंबरात करडे डाग निघतात. ते उभे, मध्ये फट ठेवून ठेवा, आणि त्यांच्यावरची निळी फिल्म जूनआधी काढून टाका, नंतर ती सोलून निघत नाही.