डीपीवर सूचना कशी टाकायची, म्हणजे साध्या माणसाचं घर नियमात तरी बसेल

शहराचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, आला की हरकतींचा पाऊस पडतो. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा आठवा, एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्येच सरकारनं तो दुरुस्तीला परत पाठवला आणि मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप २०२१ ला आला, त्यावर साठ हजारांच्या वर हरकती गेल्या आणि २०२५ मध्ये तो अख्खा रद्दच झाला. यातल्या बहुतेक हरकती कशा असतात, तर माझ्या गटावरचं आरक्षण उठवा, रस्ता पलीकडून न्या, माझी जमीन ग्रीन झोनमधून (शेती) यलोत (निवासी) टाका. जमीनवाल्यानं हे मागावंच, त्याचा हक्क आहे. पण ज्याला तीस-पस्तीस लाखांत साडेतीनशे फुटांचं घर हवंय, जो आज भाड्यानं राहतो, त्याच्या बाजूनं कोणी अर्ज टाकत नाही आणि मग नियम बनवताना तो माणूस कोणाच्या डोळ्यासमोरच नसतो. म्हणून हे लिहितोय. वकील लागत नाही, फी लागत नाही, आणि कोणीही सूचना देऊ शकतं, त्या शहरात तुमची इंचभर जमीन नसली तरी.

आधी एक गोष्ट पक्की करा, तुमचं म्हणणं नकाशाबद्दल आहे की नियमाबद्दल. कुठे निवासी, कुठे शेती, कुठल्या गटावर शाळा, कुठून रस्ता हे डीपीच्या नकाशात असतं आणि तो महापालिका किंवा प्राधिकरण बनवतं. पण एफएसआय किती, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं, इमारतीभोवती मोकळं मार्जिन किती सोडायचं, गाड्यांना जागा किती हे नियमावलीत असतं, मुंबईला डीसीपीआर २०३४ नावाची आणि बाकी बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली युडीसीपीआर, म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. ही नियमावली राज्याची आहे, तुमच्या महापालिकेला ती आपल्या मनानं बदलता येत नाही. त्यामुळे पार्किंगची तक्रार घेऊन डीपीच्या सुनावणीला गेलात तर अधिकारी नम्रपणे ऐकतील आणि "हे आमच्या कक्षेत नाही" म्हणतील, झालं, दिवस फुकट. नियमाबद्दलचं पत्र नगरविकास खात्याला जातं, आणि सरकार फेरबदलाची नोटीस राजपत्रात काढतं तेव्हा हरकती सहसा विभागाच्या सहसंचालक, नगररचना यांच्याकडे द्यायच्या असतात. नोटीस नीट वाचा, कोणाकडे आणि कधीपर्यंत द्यायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं, आणि मुदत प्रत्येक वेळी सारखी नसते.

डीपीचं काम एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ प्रमाणे चालतं. आधी इरादा जाहीर होतो, मग सध्याचा जमीन वापर नकाशा होतो, लोक त्याला ईएलयू म्हणतात, मग कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होतं आणि हरकती-सूचना मागवतात. खरं तर ईएलयूच्या टप्प्यावरच लक्ष द्यायला हवं, कारण जुनी वस्ती जर त्या नकाशात मोकळी जमीन म्हणून दिसली तर पुढे तिच्यावर बाग नाहीतर रस्ता पडतो आणि मग वर्षानुवर्षं भांडत बसायचं.

आता सूचना लिहायची कशी. "गरिबांना घरं द्या" असं लिहिलं तर ते बरोबर असूनही त्याचं पुढे काहीच होत नाही, कारण त्याच्यावर अधिकाऱ्यानं करायचं काय? विषयात नियम क्रमांक किंवा नकाशाचा शीट नंबर आणि गट नंबर टाका, आत्ता नियम काय म्हणतो ते एका ओळीत लिहा, त्याच्या जागी काय असावं ते नियमाच्याच भाषेत लिहा, आणि खाली आकडेमोड द्या. आकडेमोड हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, तो सोडू नका.

पार्किंगचंच घ्या. एका कारला उभं राहायला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. पण गाडी आत यायला-वळायला जागा धरली की इमारतीखालच्या पार्किंगमध्ये एका गाडीमागे साधारण २८ चौरस मीटर धरतात आणि बेसमेंटमध्ये ३२. आणि पंतप्रधान आवासच्या २०१५ च्या निकषात ईडब्ल्यूएस, म्हणजे दुर्बल घटकाच्या घराचा कार्पेट (आतली वापरायची जागा) किती होता, तर ३० चौरस मीटरपर्यंत. म्हणजे एक गाडी आणि एक कुटुंब जवळपास सारखीच जागा खातात! बेसमेंट खणायचा, स्लॅब टाकायचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांच्या फ्लॅटच्या किमतीत जातो, ज्याच्याकडे फक्त अ‍ॅक्टिव्हा आहे त्याच्याही. मग सूचना अशी लिहा की मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत ४० चौरस मीटरपर्यंतच्या घरांना कार पार्किंगची सक्ती नसावी, दुचाकीची ठेवा. हे ५०० मीटर नवीन काढलेलं नाही, पुण्या-नागपुरात मेट्रोभोवती जादा बांधकामाचा टीओडी झोन त्याच हिशोबानं आहे आणि तिथे प्लॉट आणि रस्ता मोठा असेल तर एफएसआय ४ पर्यंत जातो. इतका एफएसआय द्यायचा आणि वर तळमजले गाड्यांनी भरायचे, तर मग स्टेशन कशाला बांधलं?

दुसरा मुद्दा लहान प्लॉटचा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, समजा दहा बाय दहा. पुढे तीन मीटर, बाकी तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायला लावलं तर पायाला उरतं सात बाय साडेपाच, म्हणजे साडेअडतीस. साठ टक्क्यांहून जास्त जमीन मोकळी गेली. गुंठा-दोन गुंठे घेणारा माणूस हा हिशोब करतो, परवानगीच्या फेऱ्या बघतो आणि सरळ बिनपरवाना बांधतो, मग २००१ चा गुंठेवारी कायदा येतो, मग त्यात मुदतवाढ. २०२१ ला ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. आधी बांधू द्यायचं आणि मागून दंड घेऊन नियमित करायचं, यापेक्षा लहान प्लॉटला बाजूला बाजू लावून बांधायची मुभा आधीच द्या, गावठाणात पिढ्यानपिढ्या भिंतीला भिंत लागून घरं उभी आहेतच. तुमच्या भागात असे प्लॉट असतील तर त्यांचं माप घेऊन, हाताने काढलेला नकाशा जोडला तरी चालतो, पण जोडा.

तिसरा, रस्त्याच्या रुंदीचा. युडीसीपीआरमध्ये नऊ मीटरपेक्षा लहान रस्त्यावर प्रीमियम एफएसआयही (सरकारला पैसे भरून मिळणारा जादा) नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकाम हक्क) नाही. पुण्यातल्या कितीतरी जुन्या सोसायट्या सहा मीटरच्या रस्त्यावर आहेत, त्यांचं रिडेव्हलपमेंट अडलं म्हणून २०२० मध्ये तीनशेहून जास्त रस्ते सहाचे नऊ करायचा प्रस्ताव आला आणि त्यावरून मोठा वाद झाला. हा नियम उगाच नाही हं, अग्निशमनचा बंब आत जायला हवा, त्यामुळे सरसकट उडवा असं लिहू नका. उंचीची मर्यादा तशीच ठेवून, फक्त लहान फ्लॅट बांधले तर थोडा जादा एफएसआय मिळावा असं लिहा.

प्रीमियमबद्दलही लिहिता येईल. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनं बांधकामाचे प्रीमियम त्या वर्षापुरते निम्मे केले होते, अट ही की गिऱ्हाईकाची स्टॅम्प ड्युटी बिल्डरनं भरायची. तशीच अट घराच्या आकाराला लावा, सवलत फक्त लहान घरांच्या एफएसआयवर, सरसकट दिली की ती किमतीत उतरेल याची काही खात्री नाही.

आणि सर्वसमावेशक गृहनिर्माणाची वीस टक्क्यांची घरं विसरू नका. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर स्कीम केली तर बेसिक, म्हणजे प्रीमियम न भरता मिळणाऱ्या एफएसआयच्या वीस टक्के इतकी छोटी घरं अल्प उत्पन्न गटासाठी बांधावी लागतात आणि ती म्हाडाच्या लॉटरीतून जातात. मर्यादा एका आकड्यावर अडकवली की प्लॉटचे तुकडे पाडून त्या आकड्याच्या आत राहायचा मोह होणारच. सूचना द्या की सलग मालकीची जमीन एकच धरावी, आणि अशी किती घरं मंजूर झाली, किती म्हाडाकडे गेली याची यादी महापालिकेनं वेबसाइटवर टाकावी. तोवर माहिती अधिकारात मागा, सर्व्हे नंबरसकट.

अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. ईमेलनं दिलात तरी एक प्रत हाताने द्या. एकच मजकूर पाचशे लोकांच्या सहीनं देण्यापेक्षा पाच वेगळ्या वस्त्यांतून पाच वेगळ्या मापांचे अर्ज गेले तर जास्त उपयोग, सारखे अर्ज एकत्र गठ्ठा करून ऐकतात. "सुनावणीस प्रत्यक्ष हजर राहून म्हणणे मांडायचे आहे" ही ओळ शेवटी टाकाच.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. वेळ थोडाच मिळतो, त्यात इतिहास सांगत बसू नका, नियम क्रमांक, आकडा, मागणी, बस. शक्य असेल तर घर शोधणाऱ्या एखाद्या ताईंना किंवा दादांना सोबत न्या आणि त्यांना बोलू द्या, किती भाडं भरतात, कामावर जायला किती वेळ जातो. समितीसमोर जमीनमालक आणि त्यांचे आर्किटेक्ट रांगेनं येऊन गेलेले असतात, भाडेकरू क्वचितच.

नंतर गाफील राहू नका. डीपी सरकारकडे गेल्यावर मोठे बदल असलेला भाग ईपी (वगळलेला भाग) म्हणून वेगळा काढतात, त्यावर पुन्हा हरकती मागवतात आणि तेव्हा लोक थकलेले असतात. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली एकेका प्लॉटचा वापर बदलत राहतो, गरिबांच्या घरांचं आरक्षण बदलायचा प्रस्तावही याच वाटेनं येतो. त्याची नोटीस पेपरात बारीक अक्षरात येते आणि एक महिना मिळतो. आणखी एक, आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. तेव्हा तुमच्या वॉर्डातल्या घरांच्या आरक्षणांची यादी आणि डीपी लागू झाल्याची तारीख आत्ताच लिहून ठेवा, आणि दहा वर्षं व्हायच्या आधीच आयुक्तांना संपादनासाठी बजेटमध्ये तरतूद करायचं पत्र द्या, नगरसेवकाला प्रत.