‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’ ही बातमी नव्हे: नवोदित बातमीदारांनो, या चुका टाळा

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना पहिली बातमी आणायला पाठवलं की बहुतेकांची कॉपी, म्हणजे लिहून दिलेला बातमीचा मजकूर, एकाच सुरात सुरू होते. ‘येथील सभागृहात अमुक मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करून कार्यक्रमाची सुरुवात झाली.’ मग स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, भाषणं आणि शेवटी आभारप्रदर्शन. कार्यक्रम ज्या क्रमाने झाला, त्याच क्रमाने कॉपी. भाषेत चूक नसते, शुद्धलेखन ठीक असतं, पण त्यात बातमीच नसते. हा दोष लिहिण्याचा नाही. लिहायला बसण्याआधी जी पायपीट करायची असते, ती झालेली नसते. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे.

प्रेसनोटच उतरवून काढणं

नगरपालिकेने नव्या पाण्याच्या टाकीचं लोकार्पण ठेवलंय असं समजा. प्रेसनोट दीड पानाची. पहिलं पान पाहुण्यांच्या नावांचं, दुसऱ्यावर योजनेचं कौतुक. भाषणात मुख्याधिकारी जाता जाता म्हणतात, ‘मुख्य जलवाहिनीच्या जोडणीचं थोडं काम राहिलं आहे, दोन महिन्यांत तेही होईल.’ विद्यार्थी हे वाक्य वहीत लिहितो आणि कॉपीच्या नवव्या परिच्छेदात टाकतो. खरी बातमी तीच असते:

‘प्रभाग ४ मधील नव्या पाण्याच्या टाकीचे लोकार्पण शनिवारी झाले; मात्र मुख्य जलवाहिनीची जोडणी अपूर्ण असल्याने या टाकीतून पाणी मिळण्यास आणखी दोन महिने लागतील, असे मुख्याधिकाऱ्यांनी सांगितले.’

एवढं सापडलं म्हणजे काम संपलं असं नाही, इथून ते सुरू होतं. कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश, कोणत्या तारखेचा? कामाची मुदत किती होती? मुदतवाढ दिली का, किती वेळा, आणि ठेकेदाराला दंड लावला का? टाकीची क्षमता किती लिटर, खर्च किती, पैसा कोणत्या योजनेतला? हे सगळं पाणीपुरवठा विभागाच्या फायलीत असतं. मंडपातून थेट तिकडे जायचं. त्यानंतर प्रभागातल्या नळावर.

नळावर ‘पाणी कधी येतं?’ असं विचारलं तर ‘दोन दिवसांआड’ असं उत्तर मिळतं. ते तसंच्या तसं छापू नका. ‘दोन दिवसांआड’ म्हणजे कुणासाठी तिसऱ्या दिवशी, कुणासाठी चौथ्या. तारखा विचारा: शेवटचं पाणी कोणत्या वारी आलं, किती वाजता, किती वेळ चाललं, त्याआधीचं कधी. तीन वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या तीन घरांत विचारलं की वेळापत्रक हाती येतं. ते घेऊन परत अधिकाऱ्यांकडे जायचं. अधिकारी म्हणतात एक आणि नळ सांगतो दुसरं, तर त्या फरकाचीच बातमी होते.

माझा नियम साधा आहे. प्रेसनोट हातात आली की तिच्यातली विशेषणं आणि पाहुण्यांची नावं पेन्सिलने खोडायची. उरलेल्या मजकुरात कुणाच्या रोजच्या जगण्यात काय बदललं, ते शोधायचं. काहीच उरलं नाही तर ती चार ओळींची नोंद. तिची बातमी करायला जाऊ नये.

‘बातमीच मिळत नाही’ ही तक्रार

ही तक्रार करणारे बहुधा मोबाइलवर बातमी शोधत असतात. ती सभेच्या विषयपत्रिकेत असते, निविदेच्या जाहिरातीत असते, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवलेल्या नोटिशीत असते. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेतला ‘आयत्या वेळचे विषय’ हा भाग आणि मागच्या सभेचं इतिवृत्त शेजारी ठेवून वाचा. चर्चा न होता कोणता ठराव मंजूर झाला, ते तिथे दिसतं. अर्थसंकल्पात मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे एका ओळीत लावून पाहा. शाळा दुरुस्तीला पैसे ठेवले आणि वर्षभरात खर्चच झाले नाहीत, हे कुठलीही प्रेसनोट सांगणार नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरी मुलांच्या हाती काही लागत नाही, कारण ते विचारतात, ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ हा कायदा २००५ पासून आहे आणि तो नोंदीत असलेल्या माहितीसाठी आहे. ‘का’ला उत्तर देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. कागद मागा: कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवतात ती वही) संबंधित पानं, अंतिम देयक, गुणवत्ता चाचणीचा अहवाल. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून रस्त्याचं नाव, आर्थिक वर्ष आणि कामाचं शीर्षक नेमकं लिहा. अर्ज टाकून ३० दिवस हातावर हात ठेवून बसणं हीसुद्धा चूकच. तोवर रस्त्यावर जाऊन फोटो काढा, लोकांशी बोला.

‘किती?’ असा अर्धा प्रश्न विचारणं

ही चूक मला सगळ्यात जास्त बोचते, कारण तिची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते.

ती कशी घडते ते बघा. रात्री साडेदहाला महामार्गावर जीप आणि ट्रकची धडक होते. अकराच्या आत व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ‘सात ठार’ येतं. विद्यार्थी पोलीस ठाण्यात फोन लावतो, ठाणे अंमलदार म्हणतात चार. आकडे जुळत नाहीत म्हणून तो ग्रामीण रुग्णालयात विचारतो, ‘अपघाताचे किती?’ तिथला कर्मचारी म्हणतो, ‘पाच.’ मग जिल्हा रुग्णालयात फोन, पुन्हा ‘किती?’ तिकडून उत्तर, ‘दोन.’ पाच आणि दोन सात. ग्रुपवरही सातच. दोन्हीकडून खात्री झाली असं वाटून बातमी जाते.

प्रत्यक्षात ग्रामीण रुग्णालयात पाच जणांना आणलं होतं. तिघांना तिथे मृत घोषित केलं, दोघं गंभीर होते आणि त्यांनाच जिल्हा रुग्णालयात हलवलं. तिथे एकाचा मृत्यू झाला. एकूण चार. पोलिसांचा आकडा बरोबर होता. दोन्ही रुग्णालयांनी ‘किती आणले’ हे सांगितलं आणि विद्यार्थ्याने ‘किती मेले’ असं ऐकलं. तीच दोन माणसं दोनदा मोजली गेली. जीपमधल्या पाचही जणांच्या घरचे तेव्हा रस्त्यात असतात, हातात मोबाइल असतो. ज्याचा मुलगा जिल्हा रुग्णालयात श्वास घेतोय, त्या बापाने ‘सात ठार’ वाचलेलं असतं.

इलाज म्हणजे वहीत उभे सात रकाने आखायचे: नाव, वय, गाव, कुठे नेलं, स्थिती, कुणी सांगितलं, किती वाजता सांगितलं. आकडा विचारायचाच नाही, नावं विचारायची. नावं लिहिली की एकच माणूस दोन रुग्णालयांत दिसतो आणि दुहेरी मोजणी तिथल्या तिथे पकडली जाते. प्रश्न पूर्ण वाक्यात विचारा: ‘तुमच्याकडे मृत घोषित केलेले किती? उपचार सुरू असलेले किती? पुढे पाठवलेले किती, आणि कुठे?’ याद्या जुळेपर्यंत ‘किमान तीन जणांचा मृत्यू झाल्याचे ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी रात्री साडेअकरा वाजता सांगितले’ असं लिहा. दुसऱ्याने आधी टाकली म्हणून घाई करू नका. उशिरा आलेल्या बरोबर आकड्याबद्दल वाचक कधी तक्रार करत नाही. आणि कुटुंबाला कळल्याची खात्री होईपर्यंत नावं छापायची नाहीत.

एककाचा अर्थ न समजता आकडा छापणं

‘धरणात २० हजार क्युसेक पाणीसाठा’ असं वाक्य दर पावसाळ्यात वाचायला मिळतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. दर सेकंदाला किती पाणी वाहतं, ते तो सांगतो. साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात. ११,५७४ क्युसेकने सलग २४ तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे, मग विसर्गाचे दिवस मोजून बातमीत अर्थ भरता येतो.

पावसाचंही तसंच. हवामान विभाग सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस नोंदवतो. दुपारी हाती आलेला आकडा ‘आज पडलेला पाऊस’ नसतो, त्यातला बराचसा कालचा असू शकतो. आणि ‘अतिवृष्टी’ हे विशेषण म्हणून वापरू नका. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्यासाठी तो आकडा बघितला जातो. शेतकऱ्याच्या भरपाईशी जोडलेला शब्द आहे, जपून वापरावा.

बाजारभावाची बातमी तर हमखास चुकते. लासलगावला कांद्याचा लिलाव वाहनागणिक होतो. दिवसाचा किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव निघतात. समजा किमान ५००, कमाल २,१५१ आणि सरासरी १,६०० रुपये क्विंटल. मथळा येतो, ‘कांदा २,१५१ वर’. तो भाव एखाद-दुसऱ्या वाहनातल्या उत्तम मालाला मिळालेला असतो. बाकीच्यांच्या हाती १,६०० च्या आसपास किंवा त्याहून कमी पडतात. मथळ्यात सरासरी घ्या, मजकुरात तिन्ही द्या आणि आवक किती क्विंटल झाली तेही द्या. कालची आवक सांगितल्याशिवाय आजच्या भावाला अर्थ येत नाही.

‘करण्यात आले’ची सवय

‘झाडे तोडण्यात आली.’ कुणी तोडली? ‘निर्णय घेण्यात आला.’ कुणी, कोणत्या बैठकीत? सरकारी कागदाची ही भाषा कॉपीत आली की जबाबदार माणूस वाक्यातून गायब होतो. कॉपी संपली की ‘ण्यात आला’, ‘ण्यात आली’, ‘ण्यात आले’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी कर्ता बसवा. कर्ता सापडत नसेल तर तेवढी बातमी अजून आणायची राहिली आहे.

पोलीस आणि कोर्टाचे शब्द

ताब्यात घेणं म्हणजे अटक नाही. अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही. निकालापर्यंत तो आरोपी किंवा संशयितच. जामीन मिळाला म्हणजे सुटका होऊन खटला संपला असं नाही. खटला चालण्याआधी ‘दोषमुक्त’ होणं वेगळं, आणि खटला चालून ‘निर्दोष मुक्तता’ होणं वेगळं. गुन्ह्याचा तपशील ऐकीव लिहू नका, एफआयआर वाचा. संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्देश आहे.

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सोचं (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. शिकाऊ बातमीदार नाव गाळतात आणि समजतात काम झालं. मग त्याच कॉपीत गाव, मुलीची इयत्ता, शाळा आणि ‘वडील रिक्षाचालक’ असतं. दोन हजार वस्तीच्या गावात आणखी काय सांगायचं राहिलं? आरोपी नातेवाईक असेल तर त्याच्या नावानेही ती ओळखली जाते. कॉपी पाठवण्याआधी त्या गावच्या माणसाच्या नजरेने वाचा आणि जिथे ओळख पटते तो प्रत्येक तपशील काढा.

एका ओळीत सांगण्यासारख्या

इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, २५-३० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. माणसाचं नाव त्यालाच वहीत लिहायला लावा. ‘काल’, ‘उद्या’ न लिहिता वार आणि तारीख द्या. भीषण, हृदयद्रावक, धक्कादायक हे तिन्ही शब्द काढून बघा, घटना तेवढीच राहते. ८ टक्क्यांवरून १० टक्के झाले तर वाढ दोन टक्केबिंदूंची आहे, दोन टक्क्यांची नव्हे. आत्महत्येच्या बातमीत पद्धत लिहू नका, चिठ्ठीतला मजकूर छापू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. ‘सूत्रांनी सांगितले’ हे संपादकाला सूत्र कोण ते सांगितल्याशिवाय लिहू नका. कच्ची टिपणं एआयला देऊन बातमी लिहून घेतली तर न मिळालेली माहितीही त्यात गुळगुळीतपणे भरलेली येते आणि शिकाऊ माणसाला ती ओळखू येत नाही. म्हणून निदान पहिली दोन वर्षं स्वतःच लिहा.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला छपाईच्या दहा मिनिटं आधी फोन करून ‘प्रतिसाद दिला नाही’ लिहिणं अन्यायाचं आहे. सकाळी फोन, न उचलल्यास प्रश्नांसह संदेश, आणि कॉपीत दोन्हीच्या वेळा.

बातमी छापली की विसरणं

‘चौकशी समिती नेमली असून सात दिवसांत अहवाल येईल.’ हे वाक्य लिहिलं की त्याच मिनिटाला डायरीत आठव्या दिवसाची तारीख उघडायची आणि तीन प्रश्न लिहून ठेवायचे: समितीची बैठक कोणत्या तारखेला झाली? कुणाकुणाचे जबाब घेतले? अहवाल कुणाकडे सादर झाला? आठव्या दिवशी त्या कार्यालयात सकाळी पोचायचं, आवक-जावक नोंदवहीत अहवालाची नोंद आहे का ते विचारायचं. नसेल तर त्या दिवशीचा इंट्रो तयार आहे.