घरातील बुरशी: ओळख, सफाई आणि काळजी करण्याची वेळ

भिंतीला टेकलेले कपाट कधीतरी पुढे ओढले जाते आणि मागे काळपट ठिपक्यांचा पट्टा दिसतो, कुबट वास येतो. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू घरात आणि बाहेर सतत हवेत असतात, त्यामुळे ते समूळ घालवता येत नाहीत. आपल्या हाती असते ते पाणी. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत पूर्ण सुकली तर तिच्यावर बहुधा बुरशी धरत नाही. म्हणून डाग पुसायला घेण्याआधी ओल नळाच्या गळतीची आहे, छतातून झिरपणारी आहे, की थंड भिंतीवर साचणाऱ्या बाष्पाची, हे शोधावे. घरातील आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली, शक्यतो 30 ते 50 टक्के ठेवावी.

भिंतीवर उमटलेली पांढरी भुकटी मात्र अनेकदा बुरशी नसून लोणा असतो, म्हणजे ओलीबरोबर विटा-सिमेंटमधून बाहेर आलेले क्षार. पाण्याचा थेंब लावला की तो बहुधा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. अर्थात लोणा दिसला तरी भिंतीत ओल आहे, हे विसरू नये.

काळी बुरशी तेवढी विषारी, ही समजूत चुकीची आहे. रंगावरून धोका ठरत नाही. हवेत किती बुरशी चालेल याचा निश्चित आकडा जागतिक आरोग्य संघटनेनेही 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत दिलेला नाही. त्यामुळे माझ्या मते प्रयोगशाळेतील तपासणीपेक्षा गळती दुरुस्त करण्यावर पैसे खर्च करावेत.

डाग साधारण 1 चौरस मीटरपेक्षा लहान असेल तर तो घरी साफ करता येतो. एन-95 मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद गॉगल घालावा, खिडकी उघडावी, साबणाच्या पाण्याने घासावे आणि जागा पूर्ण कोरडी करावी. कोरडी बुरशी झाडूने झटकू नये, कारण त्यामुळे बीजाणू खोलीभर उडतात. गादी किंवा गालिच्याच्या आतपर्यंत बुरशी शिरली असेल तर तो टाकून द्यावा. ब्लीच वापरायचेच असेल तर त्यात ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. बुरशीवरच रंग लावल्यास त्याचे पोपडे निघतात.

डाग याहून मोठा असेल, सांडपाण्यामुळे आला असेल, एसीची हवा वाहून नेणाऱ्या नळांत असेल किंवा ओल थांबवूनही परत येत असेल, तर जाणकार व्यावसायिकाला बोलवावे. घरात तान्हे मूल, दम्याचा रुग्ण, किंवा कर्करोगाचे उपचार वा अवयव प्रत्यारोपण झाल्याने प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल तर लहान डागही दुर्लक्षू नये, आणि सफाई चालू असताना त्यांना तिथे थांबू देऊ नये. अशा दुर्बल रुग्णांच्या फुप्फुसात ॲस्परजिलससारख्या बुरशीचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. खोकला, शिंका, धाप घरात वाढत असेल आणि बाहेर राहिल्यावर कमी होत असेल, तर डॉक्टरांना लक्षणांबरोबर घरातील ओलीविषयीही आवर्जून सांगावे.