जुन्या घराचे साइडिंग बदलण्याआधी

कमिन्सच्या नोकरीसाठी पुण्याहून इंडियानातल्या कोलंबसला आलेली मराठी कुटुंबे अपार्टमेंटमध्ये काही काळ काढल्यावर बहुधा घर शोधू लागतात, आणि त्यांतल्या काहींच्या मनात गावाच्या जुन्या भागातले, 1920 ते 1960च्या दरम्यान बांधलेले, मोठ्या अंगणाचे लाकडी घर भरते. अशा घराच्या बाहेरच्या भिंतींवरचे साइडिंग, म्हणजे पट्ट्यांचे किंवा फळ्यांचे बाहेरचे आवरण, बहुतेक वेळा विटलेले किंवा तडकलेले असते, आणि ते काढून नवे लावण्याचा विचार ताबा घेतल्याच्या वर्षीच सुरू होतो. रंग कोणता आणि व्हिनाइल (प्लास्टिकच्या पट्ट्या) की फायबर सिमेंट (तंतुमिश्रित सिमेंटच्या फळ्या), याची चर्चा घरात खूप होते. मात्र काम चांगले झाले की वाईट, हे साइडिंगच्या मागे काय केले यावर ठरते, म्हणून इथे भर त्यावरच आहे.

आपल्याकडची भिंत विटांची किंवा काँक्रीटची असते, त्यामुळे बाहेरचे प्लास्टर खराब झाले तरी आतला गाभा टिकून राहतो. इथली भिंत म्हणजे उभ्या लाकडी दांड्यांचा सांगाडा, त्यावर बाहेरून ठोकलेल्या फळ्या किंवा प्लायवूड, आणि सर्वांत बाहेर साइडिंग. कोकणात पावसाळ्यापूर्वी भिंतीला बांधतात त्या झापांसारखेच हे आवरण बहुतेक पाणी बाहेरच्या बाहेर उतरवते, पण थोडे पाणी त्याच्या मागे जाणारच, हे धरून चालावे लागते. ते पाणी अडवण्याचे खरे काम मागच्या हाउस रॅपचे, म्हणजे भिंतीला गुंडाळलेल्या पाणीरोधक पडद्याचे, आणि खिडक्या-दारांभोवतीच्या फ्लॅशिंगचे, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्यांचे, असते. जुन्या घरांत त्या जागी डांबरी कागद असतो, तोही फाटलेला, आणि काही घरांत तर काहीच नसते.

म्हणूनच जुने न काढता त्यावरच नवे व्हिनाइल ठोकून देतो, असे सांगणाऱ्या कंत्राटदाराचा स्वस्त भाव मोह घालणारा असला तरी तो सहसा स्वीकारू नये, कारण भिंत उघडी करून पाहण्याची संधी वीस-तीस वर्षांत एकदाच येते. साइडिंग उतरले की एक पेचकस घेऊन स्वतः भिंतीभोवती फिरावे: खिडक्यांच्या खालचे कोपरे, डेकची, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याची, फळी भिंतीला जोडलेली असते ती जागा, आणि पोर्चच्या छपराची कड जिथे भिंतीला टेकून संपते तो कोपरा. पेचकसाचे टोक लाकडात लोण्यात रुतावे तसे गेले, तर तेवढा भाग बदलावाच लागतो. छपराच्या त्या कोपऱ्यावर पाणी भिंतीपासून दूर गटरीत, म्हणजे छपराच्या पन्हळीत, वळवणारा छोटा वाकडा पत्रा असतो, त्याला किक-आउट फ्लॅशिंग म्हणतात. तो नसेल तर बसवून घ्यावा. कुजलेल्या जागी लावायच्या प्लायवूडचा प्रत्येक शीटमागचा दर करारातच लिहून घ्यावा, नाहीतर भिंत उघडी पडल्यावर घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

घर 1978 पूर्वीचे असेल, तर खरेदीच्या कागदांच्या गठ्ठ्यात शिशाच्या रंगाविषयीच्या पत्रकावर तुम्ही सही केलेली असणार. 2010पासून लागू असलेल्या संघीय नियमानुसार अशा घराच्या बाहेरचा 20 चौरस फुटांहून अधिक रंगवलेला भाग उखडणाऱ्या किंवा खरवडणाऱ्या कामासाठी पैसे घेणारी फर्म ईपीए या संघीय पर्यावरण संस्थेची प्रमाणित असावी लागते. भिंतीपासून निदान 10 फुटांपर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरावे लागते. घरात लहान मूल असेल, तर प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय कामाला सुरुवात करू देऊ नये; मातीत मिसळलेले शिसे खेळता खेळता मुलांच्या तोंडात जाते.

भिंतीवर सुमारे 2 फूट रुंद आणि 1 फूट उंच, लाटेसारख्या खालच्या कडेचे, ठिसूळ व कडक पत्रे दिसले, तर ते अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे, म्हणजे श्वासात गेल्यास घातक तंतू असलेल्या सिमेंटचे, असू शकतात. खात्री प्रयोगशाळेतूनच होते. ते सुस्थितीत असेपर्यंत फारसा धोका नसतो. धोका ते करवतीने कापण्यात, भोके पाडण्यात आणि फोडण्यात आहे. त्यामुळे मागची भिंत कोरडी आणि भक्कम असल्याची खात्री झाली, तर जुने न काढता त्यावर नवे चढवणे या एका बाबतीत समंजसपणाचे ठरते.

साहित्याबद्दल थोडक्यात: व्हिनाइल स्वस्त असते, त्याला रंग द्यावा लागत नाही, पण ते कडक थंडीत ठिसूळ होते, आणि गॅसची शेगडी जवळ ठेवली तर वितळते. 12 फुटांची पट्टी उन्हाळा-हिवाळ्यात अर्ध्या इंचापर्यंत लहान-मोठी होते, म्हणून खिळा खाचेच्या मधोमध हवा आणि त्याचे डोके पट्टीला न टेकता डाइमच्या (दहा सेंटच्या नाण्याच्या) जाडीइतके सुटे राहायला हवे. काम चालू असताना एखादी पट्टी हाताने डावी-उजवीकडे सरकवून पाहावी. ती सरकली नाही, तर पुढच्या जुलैत भिंतीवर लाटा दिसतील. फायबर सिमेंट महाग आणि जड असते, पण ते जळत नाही आणि रंग चांगला धरून ठेवते. त्याची खालची कड जमिनीपासून 6 इंच वर हवी, आणि कापताना उडणारी सिलिकाची धूळ कामगारांच्या छातीत जाऊ नये, याची सोय कंत्राटदाराने करायला हवी.

इंडियानात साधारण बांधकाम कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागत नाही. स्थानिक नोंदणी आणि परमिटची चौकशी शहर किंवा काउंटीच्या कार्यालयात करावी. छोट्या गावात सर्वांत चांगली चौकशी लाकडाच्या वखारीच्या काउंटरवर होते, कारण कोण वेळेवर पैसे देतो आणि कोण निम्मा माल परत आणतो, हे तिथल्या माणसाला पक्के ठाऊक असते. गारपिटीनंतर दारावर येऊन इन्शुरन्सचे सगळे आम्ही बघतो, असे म्हणणाऱ्यांना मात्र लांब ठेवावे. घरी बसून सही केलीच असेल, तर अशा विक्रीचा करार तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो.

भाव प्रत्येक स्क्वेअरला, म्हणजे 100 चौरस फुटांना सांगतात. तीन ठिकाणचे लेखी भाव घ्यावेत आणि इन्शुरन्सचे प्रमाणपत्र कंत्राटदाराकडून न घेता थेट विमा कंपनीकडून मागवावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. कंत्राटदाराने वखारीचे किंवा पोटकंत्राटदाराचे पैसे थकवले, तर तुम्ही त्याला पूर्ण रक्कम दिलेली असूनही ते लोक तुमच्या घरावर लीन, म्हणजे बोजा, चढवू शकतात. म्हणून शेवटचा चेक हातात ठेवून आधी सर्वांच्या सह्यांचे लीन वेव्हर, म्हणजे बोजा चढवण्याचा हक्क सोडल्याचे कागद, मागावेत. प्रामाणिक कंत्राटदाराला या मागणीचा राग येत नाही.