ट्रेडमिलवर हार्ट रेट बघून व्यायाम करताय? या चुका टाळा

पहिली चूक पट्टा सुरू होण्याआधीच होते. २२० मधून वय वजा करायचं आणि येईल तो आकडा आपली कमाल मर्यादा धरायची. हे सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. चाळिशीनंतर २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करणं जास्त बरं. साठीच्या माणसाला पहिलं सूत्र १६० सांगतं, दुसरं १६६. दोन्ही शेवटी अंदाजच.

त्याहून मोठी गफलत टक्क्यांत होते. समजा वय ५०, कमाल दर १७० आणि सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी ७०. मधे १०० ठोके उरतात. त्यांचे ५० टक्के म्हणजे ५०; त्यात ७० मिळवले की १२०. सरळ १७० चे ५० टक्के काढले तर येतात ८५, आणि तेवढी नाडी घरात इकडेतिकडे फिरतानाही होते! म्हणून ट्रेनर '५० टक्के' म्हणाला, तर कोणत्या हिशोबाने ते आधी विचारा.

आकडा चुकीचा दिसत असेल तर आधी उपकरण तपासा. दांड्यावरचे सेन्सर धरून पळू नका. हात हलतात, घामेजतात, आकडा उड्या मारतो. शिवाय अंगाचा भार दांड्यावर गेला की मेहनतही कमी होते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. आरामात बोलता येतंय, तरी घड्याळ १६० दाखवतंय? मिनिटभर पावलं मोजून बघा. तीही तेवढीच भरली, तर घड्याळ बहुधा नाडीऐवजी पावलं पकडतंय. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा, पण बांधण्याआधी तो आतून ओला करायला हवा.

वेग तोच, तरी वीसेक मिनिटांनी नाडी चढू लागते. दमट हवेत, पंखा नसलेल्या खोलीत तर हमखास. घामाने शरीरातलं पाणी कमी होतं, त्वचेकडे जास्त रक्त धाडावं लागतं आणि हृदयाचे ठोके वाढतात. तेव्हा हट्टाने वेग टिकवू नका. थोडा कमी करा, पंखा लावा, पाणी प्या.

वेग बदलल्यावर नाडी स्थिरावायला एक-दोन मिनिटं लागतात. तोवर पुन्हा बटण दाबू नका.

बीपी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशी गोळी चालू असेल, तर वरची सगळी गणितं बाजूला ठेवा. ही औषधं नाडी फारशी वाढू देत नाहीत, आणि सूत्रातला आकडा गाठायच्या नादात माणूस झेपेल त्यापलीकडे पळतो. तुमची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळी मनाने बंद करू नका. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरे.

छातीत दुखलं, भोवळ आली किंवा ठोके अनियमित वाटले, तर स्क्रीनवर काहीही दिसत असो, थांबा आणि डॉक्टरांना गाठा.