डॅनिश सागवानी टीपॉय घरच्या घरी कसा उजळावा

१९५० आणि ६०च्या दशकांत डेन्मार्कमधून सागवानी फर्निचर मोठ्या प्रमाणावर इतर देशांत गेलं. साग थायलंड-ब्रह्मदेशचा, कारागिरी डॅनिश. फिन यूल, हान्स वेग्नर, ग्रेटे याल्क या डॅनिश डिझायनरांच्या वस्तू आता लिलावात विकल्या जातात. पण त्याच काळातले निनावी टीपॉय युरोप-अमेरिकेतल्या जुन्या बाजारांत अजून मिळतात. तसा एखादा तुमच्याकडे आला असेल, तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी तो उलटा करून बघा.

आपल्याकडच्या जुन्या सागवानी फर्निचरच्या फळ्या बहुधा भरीव असतात, म्हणून ‘चांगलं घासून घ्या’ हा सुताराचा सल्ला तिथे खपून जातो. इथे भरीव असतात ते पाय आणि कडेच्या पट्ट्या. वरचा भाग बहुतेकदा विनिअरचा, म्हणजे मिलिमीटरहून पातळ सागाचा पापुद्रा. त्याखाली साधं लाकूड किंवा चिपबोर्ड, म्हणजे लाकडाचे तुकडे दाबून केलेली फळी. घासायचं मशीन लावलं तर पापुद्रा बघता बघता झिजतो, आणि गेलेला पापुद्रा परत येत नाही. ओळखायचं कसं? कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसते का, आणि लाकडाच्या वरच्या रेषांचा खालच्या बाजूशी काही मेळ बसतो का, ते पाहा. भरीव फळीच्या टोकाला कापलेल्या रेषांची तोंडं दिसतात. उलटा केलाच आहे, तर शिक्काही शोधा. ‘डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल’ची, म्हणजे तिथल्या दर्जा-तपासणीची गोल खूण किंवा कारखान्याचा ठसा असेल, तर त्याला हात लावू नका. शिक्का नाही म्हणून वस्तू खोटी ठरत नाही.

आता लाकडावर काय लावलंय ते शोधा. न दिसणाऱ्या जागी कापसाने जरासं थिनर लावा. पृष्ठभाग चिकट झाला तर वर लॅकर, म्हणजे वाळून कडक झालेला पारदर्शक लेप आहे. त्यावर तेल मुरणार नाही, तेव्हा ओलसर फडक्याने पुसून मेण लावा आणि थांबा. पुढचं सगळं तेल दिलेल्या टीपॉयसाठी.

आधी मळ काढा. कोमट पाण्यात साबणाचे थोडे थेंब, फडकं घट्ट पिळलेलं, आणि लगेच कोरडं पुसणं. पाणी साचू दिलं तर विनिअर फुगतं. तरी चिकटपणा उरलाच तर टर्पेंटाइन.

मग डाग. कपाचं पांढरं वर्तुळ वरच्या थरातल्या ओलीचं असतं. सगळ्यात बारीक, ०००० नंबरच्या स्टील वूलवर (पोलादी तंतूंचा बोळा) थोडं तेल घेऊन रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवलं की बहुधा जातं. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. त्यावर लाकडाचा डाग फिकट करणाऱ्या ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण चालतं, पण ते विषारी आहे: हातमोजे, उघड्या खिडक्या आणि नंतर ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसणं, यात सवलत नाही. ते फक्त डागावर न लावता सगळ्या पृष्ठभागावर लावा, नाहीतर काळ्या डागाच्या जागी फिकट डाग येईल. माझं विचाराल तर एखादा काळा डाग राहू द्यावा.

ओरखडे फार असतील तर ३२० नंबरचा पॉलिश पेपर, हातानेच, रेषांच्या दिशेने. कडांपाशी अजिबात नाही, विनिअर तिथेच आधी उघडं पडतं.

पूर्ण वाळल्यावर तेल द्या. डॅनिश ऑइल किंवा टंग ऑइल, अशी लाकडात मुरून वाळणारी तेलं घ्या. स्वयंपाकाचं तेल नको, ते वाळत नाही आणि धूळ धरतं. फडक्याने पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग वर उरलेलं तेल पूर्ण पुसून काढा. घाई होते ती इथेच. न पुसलेलं तेल चिकट राहतं. दुसरा हात एका दिवसाने. लाकूड फारच कोरडं असेल तर तिसरा. चकचकीत व्हायची वाट पाहू नका, या फर्निचरची झळाळी मंदच असते.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना हे तेल तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाहेर दोरीवर पसरून कडक वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.